सुट्टीच्या अर्जात कारण काय लिहू?

सिंगापूरला येऊन मला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत एकदाही मी १४ एप्रिलला ऑफिसला गेलेले नाही. त्या दिवशी शनिवार-रविवार आला तर प्रश्नच मिटतो. नाहीतर महिनाभर आधी कंपनीच्या पोर्टलवर जाऊन एक दिवसाची रजा टाकायची. त्या फॉर्ममध्ये 'कारण' असा एक रकाना आहे. दरवर्षी त्यात मी एकच शब्द लिहीत आले : 'वैयक्तिक'.

तसं बघितलं तर कारण लिहायची सक्तीही नाही. रजा माझी, हक्काची. पण रकाना दिसला की काहीतरी लिहावंसं वाटतं, ही आपली सवय. आणि खरं काय ते लिहायचं नाही, ही माझी सवय.

इथे सिंगापूरमध्ये १४ एप्रिलला तमिळ नववर्ष असतं, पुथांडु. लिटल इंडियात रोषणाई असते, मोगऱ्याचे गजरे, आंब्याची पानं, देवळांबाहेर चपलांचा ढीग. माझ्या टीममधला चेन्नईचा सहकारी त्या दिवशी हमखास रजेवर असतो आणि अर्जात ठळकपणे 'पुथांडु' असं लिहितो. पहिल्याच वर्षी दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले तर आमचे मॅनेजर, सिंगापुरी चिनी गृहस्थ, मोठ्या आपुलकीने म्हणाले, "हॅपी न्यू इयर!" मी म्हटलं, "थँक यू." झालं. तेव्हापासून ऑफिसच्या लेखी १४ एप्रिल हे माझं नवीन वर्ष आहे. गुढीपाडवा त्याआधीच होऊन गेलेला असायचा, तो मी ऑफिसात कामावर काढलेला असायचा, हे कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. आणि मी कधी सांगितलंही नाही.

मी परभणीची. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी. घरात भिंतीवर दोन फोटो, एक तथागतांचा आणि एक बाबासाहेबांचा. १४ एप्रिल म्हणजे आमच्या घरची दिवाळी. आदल्या रात्री बारा वाजता फटाके, सकाळी पांढरेशुभ्र कपडे, विहारात त्रिशरण-पंचशील, मग घरोघरी खीर आणि संध्याकाळी मिरवणूक. पंधरा दिवस आधी पोरं पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला फिरायची. अकरा रुपये, एकवीस रुपये. अण्णा नेहमी ठरल्यापेक्षा दहा रुपये जास्त द्यायचे आणि पावती मागून घ्यायचे.

गंमत म्हणजे सगळ्या गावाला सरकारी सुट्टी आणि आमच्या अण्णांना ड्युटी. एसटी काही बंद राहत नाही. उलट त्या दिवशी गर्दी जास्त, जादा गाड्या. मग अण्णांनी त्यावर एक तोड काढली होती. डेपोतले एक मुस्लिम कंडक्टर त्यांचे दोस्त होते. १४ एप्रिलला ते अण्णांची ड्युटी करायचे, ईदला अण्णा त्यांची. पंचवीस-तीस वर्षं ही देवाणघेवाण चालली. कुठल्या सरकारी आदेशात ती नव्हती, डेपो मॅनेजरला ठाऊक होती आणि तो काही बोलायचा नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे माझी मुलगी. ती आठ वर्षांची आहे, इथल्या सरकारी शाळेत दुसरीत शिकते. यंदा मार्चमध्ये तिने जेवताना सहज विचारलं, "आई, आपण तमिळ आहोत का?" मी हसले. म्हटलं, "नाही गं, असं का विचारतेस?" तर म्हणे, "मी टीचरला सांगितलं, की आमचं न्यू इयर एप्रिलमध्ये असतं, कारण आई तेव्हा सुट्टी घेते. टीचर म्हणाली, म्हणजे तुम्ही तमिळ असणार."

घास तसाच राहिला. मी ऑफिसात जे मुकाट्याने चालू दिलं होतं, ते आता माझी लेक शाळेत खरं म्हणून सांगत होती.

एखाद्या माणसाच्या नावाने देशाने सुट्टी द्यावी का, हा प्रश्न सिंगापूरमध्ये फारसा येतच नाही. इथे वर्षाला अकरा सार्वजनिक सुट्ट्या. चिनी नववर्षाचे दोन दिवस, दोन ईद, गुड फ्रायडे आणि नाताळ, वेसाक, दिवाळी, आणि धर्माशी संबंध नसलेले तीन दिवस : इंग्रजी नववर्ष, कामगार दिन आणि ९ ऑगस्टचा राष्ट्रीय दिन. एकाही नेत्याची जयंती नाही. ज्यांनी हा देश उभा केला त्या ली क्वान यू यांच्याही नावाने सुट्टी नाही. १९६८ मध्ये सुट्ट्यांची यादी कमी केली तेव्हा तमिळांचा थैपुसमही त्यातून गेला. आजही माझा चेन्नईचा सहकारी थैपुसमला स्वतःच्या खात्यातली रजा घेतो.

पण आठवण ठेवण्याची इथली एक वेगळी पद्धत आहे. २१ जुलै १९६४ ला इथे मलय आणि चिनी लोकांमध्ये मोठी दंगल पेटली, २३ माणसं मेली. त्या तारखेला आता शाळांमध्ये वांशिक सलोखा दिन असतो. १९९७ पासून शिक्षण खातं तो पाळतं. त्या दिवशी शाळा बंद नसते, चालू असते. मुलं एकमेकांचे पोशाख घालून येतात, खाऊ वाटतात, आणि शिक्षक त्यांना दंगलीबद्दल सांगतात. त्याच्यावरही टीका होते, की साडी, चिपाव आणि बाजू कुरुंग घालून फोटो काढले म्हणजे सलोखा होत नाही. टीका खरी आहे. तरी माझ्या मुलीला पहिलीत असतानाच १९६४ सालची दंगल ठाऊक झाली, हेही खरं आहे.

माझं लहानपण आठवा. १४ एप्रिलला माझी शाळा बंद असायची. म्हणजे ज्या माणसाने बिनबाकाच्या, वेगळं बसवणाऱ्या शाळेत शिकून कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सपर्यंत मजल मारली, त्याच्या जयंतीला शाळेला कुलूप. २६ जानेवारीला झेंडावंदन, २ ऑक्टोबरला स्वच्छता, पण संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष कोण होता, हे माझ्या वर्गातल्या बाकीच्या मुलांना पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीतून कळायचं. बाबासाहेब त्यांच्यासाठी म्हणजे चौकातला पुतळा, मोठ्या आवाजातली गाणी आणि संध्याकाळी बंद झालेला रस्ता. आम्ही आमच्या वस्तीत आणि ते त्यांच्या घरात. सुट्टी दोघांनाही एकच.

अमेरिकेतही हाच वाद झालेला आहे, हे मला कळलं तेही एका सुट्टीमुळेच. आमच्या कंपनीचं एक ऑफिस अमेरिकेत आहे. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी तिकडून एकही कोड रिव्ह्यू येत नाही आणि त्या आठवड्यात आम्ही रिलीज ठेवत नाही. कॅलेंडरवर लिहिलेलं असतं : मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर दिन. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हे बघून मी वाचायला बसले.

किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची. अवघ्या चार दिवसांत जॉन कॉनियर्स या खासदाराने त्यांच्या जयंतीच्या सुट्टीचं विधेयक मांडलं. ते मंजूर व्हायला १५ वर्षं लागली. पगारी सुट्टीचा खर्च किती होईल, कुणा एका खाजगी माणसाच्या नावाने सुट्टी कशाला, अशी कारणं पुढे आली. शेवटी नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केली, तीही आधी फारसा उत्साह नसताना. पहिली राष्ट्रीय सुट्टी २० जानेवारी १९८६ ला झाली. दरम्यान १९८४ मध्ये सरकारने खास आयोग नेमला, कारण कायदा करून भागत नाही, दिवस लोकांच्या गळी उतरवावा लागतो, हे त्यांना कळलं होतं. किंग यांच्या पत्नी कोरेटा त्यात पुढे होत्या. ॲरिझोना राज्यातल्या मतदारांनी १९९० मध्ये सुट्टी नाकारली, तर १९९३ ची सुपर बोल ही त्यांची सगळ्यात मोठी फुटबॉलची मॅच तिथून हलवून कॅलिफोर्नियात नेली गेली. १९९२ मध्ये ॲरिझोनाने मत बदललं. साउथ कॅरोलायनाने तर राज्याच्या कर्मचाऱ्यांना ही सक्तीची सुट्टी द्यायला २००० साल उजाडू दिलं. आणि १९९४ मध्ये आणखी एक कायदा झाला, की हा दिवस नुसता आरामाचा नको, लोकसेवेचा असावा. त्या दिवशी अमेरिकेत लोक शाळा रंगवतात, अन्नवाटप करतात. सगळेच करतात असं नाही. बरेचजण सेलमध्ये गाद्या आणि टीव्ही घेतात, असं आमचा तिकडचा सहकारी हसत सांगतो.

१५ वर्षं हा आकडा वाचून मला अण्णांची आठवण झाली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला, तेव्हा अण्णा २० वर्षांचे होते. त्यानंतर गावोगाव जे जळलं त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. त्यांच्या मामाचं घर होतं, मग नव्हतं, एवढंच सांगतात. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं. मी पुढे औरंगाबादला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं. अण्णा मला सोडायला आले तेव्हा आधी कॉलेजला गेलेच नाहीत, मला विद्यापीठाच्या गेटसमोर घेऊन गेले आणि नुसतेच उभे राहिले.

आज चित्र एकदम उलटं दिसतं. आता सरकारं या दिवसाच्या मागे लागली आहेत. १९९० मध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, त्याच वर्षी जन्मशताब्दीचं सामाजिक न्याय वर्ष सुरू झालं. २०१५ मध्ये २६ नोव्हेंबर हा संविधान दिन ठरला. त्याच वर्षी ते जिथे १९२१-२२ मध्ये राहिले ते लंडनमधलं किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात पहिल्यांदा जयंती झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने १४ एप्रिल हा ज्ञान दिन आणि ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. ७ नोव्हेंबर १९०० ला छोटा भिवा साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला होता, म्हणून. २०२२ मध्ये तमिळनाडूने १४ एप्रिलला समता दिन म्हटलं आणि त्या दिवशी प्रतिज्ञा घ्यायची पद्धत सुरू केली. केंद्र सरकारही गेली काही वर्षं स्वतंत्र आदेश काढून आपल्या कार्यालयांना ही सुट्टी देतं. यंदाही मार्चअखेरीस तो आदेश निघाला. माझ्या फोनवर तर बाबासाहेबांच्या नावाचं पैसे पाठवायचं ॲपसुद्धा होतं, 'भीम'. ते आलं डिसेंबर २०१६ मध्ये.

आणि दुसऱ्या बाजूला उत्तर प्रदेश. तिथे एप्रिल २०१७ मध्ये महापुरुषांच्या नावाच्या १५ सुट्ट्या रद्द झाल्या. शाळा चालू ठेवा आणि मुलांना त्या माणसाबद्दल सांगा, असं त्यामागचं म्हणणं होतं. माझ्या शाळेचं कुलूप आठवलं की हे म्हणणं मला पटतं. अण्णांना पटत नाही.

यावरून आमचं व्हिडिओ कॉलवर चांगलंच वाजलं. मी म्हटलं, "अण्णा, सुट्टी दिली की लोक झोपतात, लोणावळ्याला जातात. त्यापेक्षा शाळा चालू ठेवून एक तास बाबासाहेबांवर बोललेलं काय वाईट?"

अण्णा म्हणाले, "बोलणार कोण? ज्याला वाटत नाही तो मास्तर काय बोलणार? पाच मिनिटं हार घालून फोटो काढतील. कलेक्टर कचेरीत बघितलंय मी. दहाला हार, सव्वादहाला चहा. आणि सुट्टी नसली तर आमचा हमाल, आमची झाडूवाली बाई मिरवणुकीत कशी येणार? त्यांना कोण रजा देणार?"

मी गप्प. त्यांचं खरं होतं. सुट्टीचा अर्थ माझ्यासारख्या लॅपटॉपवाल्या बाईला एक आणि रोजंदारीवरच्या माणसाला वेगळा. खरं तर रोजंदारीवाल्याला सरकारी सुट्टी असूनही मजुरी बुडवूनच यावं लागतं. तरी सुट्टी आहे म्हटल्यावर मालकापुढे तोंड उघडता तरी येतं.

मग अण्णांनी विचारलं, "तू टाकलीस का रजा?"

"टाकते."

"कारण काय लिहितीस?"

मी सांगितलं. तमिळ नववर्षाची सगळी गोष्टच सांगितली, मुलीच्या टीचरसकट. मला वाटलं हसतील. अण्णा हसले नाहीत. थोडा वेळ स्क्रीन अडकल्यासारखी वाटली. मग म्हणाले, "पगारी रजेचा कायदा कुणी आणला ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. एसटीच्या युनियनमध्ये अण्णा हे दरवर्षी सांगायचे, लहानपणापासून ऐकलेलं. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या काळात १९४५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ मध्ये आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले.

"मग," अण्णा म्हणाले, "त्याच माणसाच्या जयंतीला पगारी रजा घेतीस आणि कारण खोटं लिहायलीस?"

"खोटं नाही अण्णा, वैयक्तिक लिहिते."

"जयंती वैयक्तिक कधीपासून झाली?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांनी आईकडे फोन दिला.

रात्री झोप लागेना. मी स्वतःशी हिशेब मांडला. मला नक्की कुणाची भीती वाटते? मॅनेजरची? त्यांना आंबेडकर कोण हे ठाऊक नाही, सांगितलं तर 'ओके' म्हणतील. चेन्नईच्या सहकाऱ्याची? त्याच्या गावात समता दिनाची प्रतिज्ञा होते. मग? आमच्या टीमचं रजेचं कॅलेंडर सगळ्यांना दिसतं, कारणासकट. आणि टीममध्ये एक पुण्याचा सहकारी आहे. चांगला माणूस, हुशार. लॉकडाऊनमध्ये माझ्या दारात औषधं ठेवून गेलेला. मला भीती त्याची होती. कारण तो एकटाच असा होता, ज्याला 'आंबेडकर जयंती' हे दोन शब्द वाचून माझ्याबद्दल सगळं कळलं असतं, किंवा कळलं असं वाटलं असतं.

परदेशातल्या मराठी वाचकांना हे नव्याने सांगायला नको. परक्या देशात मराठी ऐकू आलं की जीव सुखावतो. ओळख होते. मग दुसरा प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणालात?" आणि तिसरा, "मूळचे कुठले?" चौथा प्रश्न तोंडाने विचारला जात नाही, पण चेहऱ्यावर दिसतो. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. छान गप्पा चालल्या होत्या. आडनाव सांगितलं. कुणी वाईट काही बोललं नाही. फक्त एक काकू म्हणाल्या, "हो का? वाटत नाही हो तुमच्या बोलण्यावरून." त्यांना ते कौतुक वाटत होतं. त्या दिवसापासून मी ओळख करून देताना नुसतं पहिलं नाव सांगते. ते 'वैयक्तिक' तिथून आलेलं आहे, सिंगापूरमधून नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती'. इंग्रजीत लिहिलं, पूर्ण नावाने. सबमिटचं बटण दाबायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला. प्रॉडक्शनवर डेटाबेस बदलताना माझा हात इतका थांबत नाही.

दोन दिवसांनी मॅनेजरने विचारलं, "हे कोण? मला वाटलं तुमचं न्यू इयर असतं." मी अकरा वर्षांचा गैरसमज दूर केला आणि माफीही मागितली. ते म्हणाले, "म्हणजे मार्टिन ल्यूथर किंगसारखे?" मी म्हटलं, "हो, पण देशाचं संविधान लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. ज्या समाजाला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, त्यातूनच आलेले." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग सुट्टी एकच दिवस का घेतेस?" आणि मीटिंगला गेले.

पुण्याच्या सहकाऱ्याने आठवडाभर काहीच विचारलं नाही. मग एका दुपारी कॉफीच्या मशीनपाशी म्हणाला, "तुझी रजा बघितली. खरं सांगू? तुझ्याकडे बघून वाटलं नव्हतं."

अकरा वर्षं ज्या वाक्यापासून पळत होते ते समोर उभं होतं. मी चिडले नाही. विचारलं, "कसं वाटायला हवं होतं?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कान लाल झाले. "तसं नाही गं," एवढंच म्हणाला आणि कप न घेताच गेला. आमचं काम चालू आहे, रिव्ह्यू चालू आहेत. १४ तारखेला सकाळी त्याचा मेसेज आला : 'जयंतीच्या शुभेच्छा.' फुलं नाहीत, फॉरवर्ड केलेलं चित्र नाही. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी अजून ठरवलेलं नाही. उत्तर मात्र दिलं, 'जय भीम' असं.

यंदा १४ एप्रिलला सोमवार होता. वर्गणी मी फोनवरूनच पाठवली. २०२३ पासून सिंगापूरचं पेनाऊ आणि आपलं यूपीआय जोडलं गेलंय, पैसे क्षणात जातात. अण्णांनी नियमाप्रमाणे पावतीचा फोटो पाठवला, ठरल्यापेक्षा दहा रुपये जास्तच टाकायला सांगून.

मग मी एक जुनी गोष्ट पुन्हा केली. मराठवाड्यात विद्यार्थी जयंतीला अठरा तास अभ्यास करतात. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे, म्हणून त्या दिवशी पोरं-पोरी ग्रंथालयात सलग अठरा तास वाचत बसतात. कॉलेजात असताना मीही दोनदा बसले होते. हा उपक्रम माझा फार आवडता, कारण त्याला डीजे लागत नाही आणि पुढारीही लागत नाही. यंदा मुलीची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी वाचनालयात गेलो आणि चार तास वाचलं. तिने महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट चित्रांच्या पुस्तकातून वाचली. २० मार्च १९२७ ची. ते पुस्तक मी भारतातून आणून कपाटात ठेवून दिलं होतं, 'मोठी झाली की दाखवू' म्हणून. सगळं वाचून झाल्यावर तिने विचारलं, "पण पाणी तर सगळ्यांचंच होतं ना? मग परमिशन कशाला?" आठ वर्षांच्या मुलीला याचं उत्तर कसं द्यायचं, हे कुठल्याही सरकारी परिपत्रकात सापडणार नाही.

बाबासाहेबांना स्वतःला वाढदिवस साजरा करणं आवडत नव्हतं. माणसाची पूजा हे लोकशाहीला घातक, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. १९४३ मध्ये पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणातही ते विभूतिपूजेविरुद्ध बोलले, आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतही. तरीही पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १९२८ मध्ये त्यांची सार्वजनिक जयंती सुरू केली ती सुरूच राहिली. तेव्हा ना सुट्टी होती ना सरकार. उलट सरकारी सुट्टी, जाहिराती, ज्ञान दिन हे सगळं फार मागाहून आलं, वर्गणी काढणाऱ्यांच्या पाठीमागून चालत. म्हणून सरकारने या दिवसाचा कितीही गाजावाजा केला तरी मला त्याचा राग येत नाही. तारीख सरकारने द्यावी, ते त्याचं काम आहे. त्या तारखेला काय करायचं हे आपलं काम आहे, आणि अकरा वर्षं मी ते काम टाळत होते.

अण्णा मे महिन्यात इथे आले होते. १२ मेला वेसाक, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, इथे सार्वजनिक सुट्टी. चायनाटाउनच्या बुद्ध दंतधातू मंदिरात तुडुंब गर्दी होती. पांढरा सदरा घातलेले अण्णा त्या चिनी आजी-आजोबांच्या रांगेत दोन तास उभे राहिले. भाषा एकाचीही कळत नव्हती. बाहेर आल्यावर म्हणाले, "इथे बुद्धाला सुट्टी आहे, बाबासाहेबांना नाही. परभणीत दोघांनाही आहे." मग थोडं थांबून नातीकडे बघत म्हणाले, "पण इथे रांगेत मला कुणी आडनाव विचारलं नाही."

जुलैमध्ये मुलीच्या शाळेत वांशिक सलोखा दिन आहे. घरच्या संस्कृतीतली एक गोष्ट वर्गात सांगायची आहे. तिने चवदार तळ्याची निवडली. इंग्रजीत तीन मिनिटांची तयारी चालू आहे. शेवटचं वाक्य तिने स्वतः लिहिलंय, मी हात लावलेला नाही. आणि टीचरला तिने आधीच जाऊन सांगून ठेवलंय, की आम्ही तमिळ नाही.